दिवेलागणीची वखवख



मागच्या अंकात आपण हरभऱ्याची बीजप्रक्रिया पाहिली. आज पिकाविषयी लिहीत नाही, पोटाविषयी लिहितो. दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघर चिवड्याचे आणि शेवेचे डबे भरतील, म्हणून आजच लिहिलेले बरे. बी.एस्सी. कृषी झालेल्या माणसाने खाण्यापिण्यावर का बोलावे, असे कुणी विचारील. चूक मी स्वतः केली आहे, एवढाच माझा अधिकार.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत माझे वजन 86 किलो भरले. उंची साडेपाच फूट आणि कंबर 40 इंच. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण 35 इंचांच्या आत असावी आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या आत, असे डॉक्टर मानतात. "साखर काठावर आहे, वजन उतरवा," असे मला बजावले. मी घाबरलो, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचे डावे पाऊल मधुमेहाने गेले. शेवटची सहा वर्षे ते बांधावर खाट टाकून दुसऱ्यांची पेरणी बघत बसत. ते मला आठवले.

मग मी काय केले? सकाळी नुसता चहा घेऊन मोटारसायकलवर निघायचे. दुपारचा डबा निम्मा परत आणायचा. दिवस छान जाई. मनाला वाटे, आज जिंकलो. पण सात वाजता घरी आलो, हातपाय धुतले, की पाय आपोआप फडताळाकडे वळत. आधी मूठभर शेव, मग दोन बिस्किटे, मग पुन्हा शेव, आणि वर साडेनऊला पोटभर जेवण. दीड महिना असे चालले आणि काटा जागचा हलला नाही.

एके दिवशी आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, दिवसा एकादशी धरता आणि रात्री द्वादशी सोडता. वजन उतरावं कसं?"

मी वरमलो, पण त्या बोलण्याने डोक्यात उजेड पडला. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना मी काय सांगत आलो? फळ वाढत असताना बाग कोरडी ठेवू नका आणि मग एकदम भरपूर पाणी सोडू नका, नाहीतर फळ तडकते. पाणी थोडे द्या, पण नेमाने द्या. हीच गोष्ट मी माझ्या पोटाच्या बाबतीत विसरलो होतो. संध्याकाळची वखवख हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. बऱ्याच वेळा ती सकाळी आणि दुपारी राहिलेली उधारी असते, ती संध्याकाळी व्याजासह वसूल होते.

त्यात शरीराचे घड्याळही भर घालते. 2013 साली अमेरिकेत बारा निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की खाणे-झोपणे काहीही असो, शरीराच्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते. गोड, खारट खावेसे वाटणेही त्याच वेळी वाढते. म्हणजे ज्या वेळी भूक मुळातच जोरात, त्याच वेळी आपण रिकाम्या पोटाने फरसाणाच्या डब्यासमोर उभे राहतो. तिथे निश्चय किती टिकणार?

आता जरा हिशेब मांडू. शंभर ग्रॅम शेव-फरसाणात सुमारे 550 कॅलरी असतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण सव्वादोनशे. म्हणजे गप्पा मारता मारता वाटीभर-दीडवाटी शेव संपली, की दोन भाकऱ्यांहून जास्त खाल्ले, आणि पोट मात्र भरलेले नसतेच. चहाचेही तसेच. माझ्या नोकरीत प्रत्येक वस्तीवर चहा होतो. नाही म्हटले तर माणसाला राग येतो. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर धरा. असे सहा कप घेतले तर महिन्याला 1800 ग्रॅम साखर एकट्या चहातून जाते. गूळ घातला म्हणून सुटका नाही, त्याच्या कॅलरी जवळजवळ साखरेएवढ्याच.

कुणी म्हणेल, आमचे आजे-पणजे पाच-पाच भाकऱ्या खात, त्यांना काही झाले नाही. खरे आहे. पण नांगराचे तास 20 सेंटिमीटर रुंद धरले, तर एक एकर नांगरताना बैलांमागे जवळजवळ 20 किलोमीटर चालणे होई. आता ते काम ट्रॅक्टरवर बसून होते. नांगर गेला, ताट मात्र तेवढेच राहिले.

मी पुढे काय बदलले, ते सांगतो. सकाळी निघण्यापूर्वी भाकरी आणि मटकीची उसळ किंवा एक अंडे खायचे. दुपारचा डबा पूर्ण खायचा, त्यात डाळ किंवा उसळ हवीच. डाळी-कडधान्यांतील प्रथिने पोटाला लवकर रिकामे होऊ देत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, संध्याकाळी पाच वाजता, वखवख सुटायच्या आधी, ठरवून खायचे. मूठभर उकडलेल्या शेंगा किंवा मूठभर फुटाणे, बरोबर साखर न घातलेले ताक. पेरू, काकडी असेल तर उत्तम. फुटाण्यांचा पुडा आता माझ्या मोटारसायकलच्या डिकीत कायम असतो. शेंगदाण्यात मात्र निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून मूठ म्हणजे मूठच, परात नव्हे.

रात्रीचे जेवण साडेसातला आणले. जेवण झाले की चूळ भरून वस्तीपर्यंत फेरी मारतो. फरसाण घरात आणून ठेवणे बंद केले. पाहुणे आले तर तेवढ्यापुरते आणतो. चहा निम्म्या कपाचा आणि कमी साखरेचा मागून घेतो. आता लोकच म्हणतात, "साहेबांचा चहा वेगळा ठेव गं."

तरीही कधी हात डब्याकडे जातोच. तेव्हा माझ्या आईचा प्रश्न स्वतःला विचारतो. लहानपणी खाऊसाठी हट्ट केला की ती म्हणायची, "शिळी भाकर आणि ठेचा खाशील का?" खाईन असे उत्तर आले तर ती भूक आहे, खुशाल जेवा. नको, शेवच हवी असे आले, तर ते जिभेचे चोचले. मग तांब्याभर पाणी पिऊन गोठ्यात एक चक्कर मारायची. तेवढ्यात ती लहर बहुधा ओसरते.

भगिनींची अडचण वेगळी आहे, हे मी घरात पाहिले आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत त्यांचे जेवण दहावर जाते. तोवर चव बघणे, मुलांच्या ताटातले उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाणे, असे चालते. आणि आठवड्याच्या उपासाला शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी असतेच. माझे सांगणे एवढेच, की पाच वाजताची मूठ घरच्या बाईलाही मिळाली पाहिजे, आणि रात्री सगळ्यांनी एकदमच जेवायला बसावे. उरलेले अन्न जनावराच्या पुढे गेले तर ते वाया गेले असे नाही.

जिथे अजून पंपाला रात्रीची वीज आहे, तिथे जागरण टळत नाही. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी खा-खा वाढते. अशा रात्री बिस्किटे आणि गोड चहा यांऐवजी चतकोर भाकरी व ताक बरोबर न्यावे. दिवसा राहिलेली झोप भरून काढावी.

एक सावधगिरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, जेवण तर चुकवूच नये. त्यांना एकाएकी घाम फुटला, हातपाय थरथरले तर ती वखवख नव्हे. रक्तातील साखर उतरल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब साखरपाणी द्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी आपल्या मनाने खाणे कमी करू नये.

अकरा महिन्यांत माझे वजन 79 वर आले. मध्ये दिवाळीत दोन किलो वाढलेही, कारण करंजीपुढे माझे काही चालत नाही. पण भाऊबीज झाल्यावर पुन्हा पाच वाजताची मूठ सुरू केली. साखर सध्या हद्दीत आहे, आणि यंदा हरभऱ्याची पेरणी मी पाभरीमागे चालत केली.

तुम्ही या आठवड्यात बाकी काही बदलू नका. पाच वाजता मूठभर शेंगा किंवा फुटाणे खा आणि सात वाजता हात डब्याकडे जातो का, ते पाहा. काय झाले ते पत्राने कळवा. पुढच्या अंकात गव्हाच्या पेरणीविषयी बोलू.