इंदूर ते पुणे : ५०० किलोमीटर, पण तास किती?

इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांचं चित्र आता सारखंच दिसतं. आई-बाबा रामबागेत किंवा सुदामा नगरात आणि मुलं पुण्यात. मग कोणीतरी धीर देतंच, "काळजी कशाला, विमानाने तासाभराचं तर अंतर!" हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलं की शेवटी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेबच करून बघितला. इंजिनियरला दुसरं काय सुचणार!

हवाई अंतर भरलं साधारण ५०० किलोमीटर. गंमत म्हणजे मुंबईही जवळपास तेवढीच, ५०५. नागपूर ३८०. नकाशावर इंदूर-पुणे सरळ रेघ ओढली तर ती महेश्वर आणि शिर्डी या दोन्हींच्या अगदी जवळून जाते. (विमान काही नेमकं याच रेघेवरून उडत नाही, पण नमस्कार करायला हरकत नाही.)

ताशी ८०० चा वेग धरला तर हे ३८ मिनिटांचं काम. तरी तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ असते, कारण ती विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर थांबेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढता-उतरतानाचा कमी वेग, उतरायला नंबर लागणं, सगळं त्यात आलं. पुण्यात धावपट्टी एकच आणि विमानतळ हवाई दलाचा. मुंबईत दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच चालते.

आता घर ते घर मोजा. विमानतळावर पोचायला ४० मिनिटं, तिथे दीड तास आधी, सव्वा तास विमान, सामानाला अर्धा तास, लोहगावहून कोथरूडला तासभर. झाले पाच तास. सेंधवा-धुळ्यावरून रस्त्याने ६०० किलोमीटर, म्हणजे अकरा-बारा तास, त्यापेक्षा हे बरंच. पण हे पाच तास विमान असेल तेव्हाचे. फोन रात्री दहाला आला तर? सकाळच्या थेट विमानाची वाट बघायची की मिळेल त्या बसमध्ये बसायचं? मध्ये थांबा असलेलं तिकीट घेतलं तर कधीकधी बसच आधी पोचते.

म्हणून आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो: थेट विमानं कोणत्या दिवशी, शेवटची बस किती वाजता, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, रात्री आईला गाडीतून दवाखान्यात कोण नेईल. शेवटच्या दोन ओळी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या. विमानांची वेळापत्रकं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात, तेव्हा कागदही बदलतो. ताईला पुण्यात याचा फोटो जातो.

विमानतळाच्या रांगा ज्यांना झेपत नाहीत, त्या ज्येष्ठांना आज रेल्वे रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा जवळजवळ दुप्पट वळसा घालून पुण्याला नेते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, उद्दिष्ट २०२८-२९ चं आहे. आमच्या गल्लीतले काका आत्तापासून विचारतात, मनमाडला गाडी डबा उघडण्याइतकी थांबेल ना?