एका मापाने मोजा

पाडव्याला गाडी घ्यायची, तर पेट्रोलची, गॅसची की विजेची, असे यंदा बऱ्याच वाचकांनी पुसले आहे. एका भगिनीने तर हिशेबच धाडला: 2025 साली मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे 103 रुपये, सीएनजी किलोला 80, म्हणजे फरक तेवीस रुपयांचाच ना?

नाही बाई! एक लिटर आणि एक किलो यांची तुलना कशी व्हावी? सारे एकाच मापात घालू या, आणि माप घरचेच घेऊ: विजेच्या बिलातले युनिट. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते, डिझेलमध्ये 10, किलोभर सीएनजीत 13. म्हणजे पेट्रोलचे युनिट साडेअकरा रुपयांना पडले, सीएनजीचे सहाच्या किंचित वर. जवळजवळ निम्मे!

घरच्या विजेचे युनिट दहा रुपये धरले, तर ती पेट्रोलच्या पंक्तीला बसलेली दिसते. पण पेट्रोलच्या 9 युनिटांतली दोन-सव्वादोनच चाकापर्यंत पोचतात. उरलेली धुरातून आणि रेडिएटरमधून हवेत जातात. विजेची मोटार चारातली तीन तरी चाकाला देते. तेव्हा चाकावरचे युनिट पेट्रोलने 45 रुपयांना, विजेने तेरा-चौदाला.

आता इथेनॉल. 2025 साली पंपावरच्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण शंभरात वीस झाले. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा अवघी 6 युनिट. म्हणून मिश्रणात साडेआठही भरत नाहीत. पैसा आपल्याच ऊसवाल्याकडे जातो, परदेशी तेल कमी लागते, हे मला मान्य आहे. या मिश्रणासाठीच घडवलेले इंजिन थोडी तूट भरूनही काढते. पण ऐवज सात टक्के घटला आणि लिटरचा भाव तोच राहिला, हे गिऱ्हाइकाला मोकळेपणी सांगायला काय हरकत होती?

राहिला त्या भगिनीचा प्रश्न. त्यांची गाडी दिवसाला आठ किलोमीटर धावणार. लिटरला 16 किलोमीटर देणारी पेट्रोलगाडी आणि युनिटला 6 देणारी विजेची, यांत वर्षाला सुमारे चौदा हजार रुपये वाचतील. विजेची गाडी दोन लाखांनी महाग असेल, तर ते भरून यायला चौदा वर्षे लागतील. यजमान रोज ठाण्याहून फोर्टला गाडीने जाऊ लागले, तर मात्र मला पुन्हा लिहावे.