हिलाही आमंत्रण आहे का?

रमजानमध्ये ईशाची नमाज आणि तरावीह झाली की मुंबईतल्या मीनारा मशिदीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. मालपुव्यांच्या कढया, मातीच्या वाडग्यांतली फिरनी, निखाऱ्यांवरचे सीख कबाब. हा सगळा मेळा थेट सहेरीपर्यंत चालतो. या गर्दीत तरुण जोडपी बरीच असतात. अंधेरीहून, ठाण्याहून, अगदी पुण्याहूनही आलेली. एका ताटलीत दोघं खातात, एकमेकांचे फोटो काढतात, चिकट बोटं पुसत हसत पुढच्या गाडीकडे जातात. आजच्या भाषेत याला ‘डेट नाइट’ म्हणतात. त्यांनी यावं, जरूर यावं. मोहल्ला पाहिल्याशिवाय मोहल्ल्याबद्दलची भीती जात नाही.

पण त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर राहणारी सून त्या वेळी कुठे असते? ती सहेरीच्या तयारीत असते. खाली उतरते ती ईदच्या खरेदीला, तेही सासू-नणंदेबरोबर, हातात पिशव्या घेऊन. नवऱ्यासोबत, दोघंच, काही काम नसताना ती या गल्लीत क्वचितच दिसते. म्हणजे आपल्या दारात दुसऱ्यांच्या डेट रंगतात आणि आपली माणसं खिडकीतून पाहतात.

माझं म्हणणं साधं आहे. नवरा-बायकोनं महिन्यातून एक संध्याकाळ ठरवून एकमेकांसाठी ठेवावी, आणि ती आपल्याच मोहल्ल्यात घालवता यावी. त्यासाठी मरीन ड्राइव्ह किंवा मॉल गाठायची सक्ती नसावी. ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

आधी हे पाहू की मोहल्ल्यातली रात्र इतकी पुरुषांची का झाली. कारण फक्त धार्मिक नाही. भेंडीबाजार, डोंगरी, नागपाडा हे भाग गोदीच्या, कारखान्यांच्या आणि बाजाराच्या आधारानं वाढले. इथं आलेला कारागीर, हमाल, खलाशी बहुतेक वेळा एकटा आला. बायको-मुलं उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, नाहीतर आमच्या रत्नागिरी-रायगडातल्या गावात. इथली हॉटेलं या एकट्या माणसाचं पोट भरण्यासाठी उघडली. नळी निहारी, बारा हंडी हे पदार्थ रात्रभर शिजवून सकाळी कामावर जाणाऱ्याला ताकद देण्यासाठीचे. ‘निहारी’ या शब्दाच्या मुळाशीच सकाळ आहे. बाकडी, टेबलं, मोठ्या आवाजातल्या ऑर्डरी, सगळी रचना बायकोपासून लांब राहणाऱ्या पुरुषांसाठी झाली.

पुढं कुटुंबं आली, पोरं शाळेत गेली, मुली कॉलेजात गेल्या, नोकरीला लागल्या. रात्रीच्या रस्त्याची घडी मात्र तीच राहिली. कोकणातल्या आमच्या आज्यांनी बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत उमर काढली. आज त्यांच्या नातसुना आखातात गेलेल्या नवऱ्याची वाट पाहतात. तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतो. त्यातले पंधरा दिवस पाहुण्यांच्या दावतींत जातात, पंधरा दिवस बहिणीच्या लग्नाच्या धावपळीत. विमानतळावर निरोप देताना तिच्या लक्षात येतं की आपण दोघं एकटे असे बोललोच नाही. ज्यांच्या संसारातल्या संध्याकाळी मोजून मिळतात, त्यांना ‘चैन’ हा शब्द सांगू नये.

दुसरं कारण घराचं. मोहल्ल्यातल्या जुन्या इमारतींमध्ये एका खोलीत आई-वडील, धाकटा दीर, दोन मुलं आणि हे जोडपं राहतं. पोटमाळा असला तर नशीब. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे, मनोरे उभे राहिलेत, काहींना स्वतंत्र बेडरूम मिळाली. पण डोंगरीच्या आणि मदनपुऱ्याच्या गल्ल्यांत अजून बरंच जग त्या एका खोलीतच आहे. तिथं नवरा-बायकोला हळू आवाजात भांडावं लागतं आणि त्याहून हळू आवाजात प्रेम करावं लागतं. अशा जोडप्याला घराबाहेरची दोन तासांची एकांताची जागा लागते. मुंबईत हा एकांत गर्दीतच मिळतो. समुद्राकडे तोंड आणि शहराकडे पाठ करून कठड्यावर बसणाऱ्या जोडप्यांना हे पक्कं माहीत आहे.

आता ‘गैरत’वाल्यांचा मुद्दा. बायकोला घेऊन रात्री हॉटेलात बसणं शोभतं का, हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. विचारणारे दीनचा हवाला देतात, म्हणून उत्तरही तिथलंच देतो. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर (स.) यांचा एक पर्शियन शेजारी रस्सा फार छान करायचा. त्यानं एकदा रस्सा केला आणि पैगंबरांना जेवायला बोलावलं. त्यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याकडे निर्देश करून विचारलं, हिलाही आमंत्रण आहे का? शेजारी नाही म्हणाला. तर मीही येत नाही, असं उत्तर मिळालं. तो पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला, तेव्हा दोघं उठले आणि मिळून त्याच्या घरी गेले.

हा प्रसंग आपल्या खुतब्यांत किती वेळा येतो? बायकोनं नवऱ्याचं ऐकावं हे आपण दर जुम्म्याला ऐकतो. बायकोशिवाय जेवणाचं आमंत्रण दोनदा नाकारणारे पैगंबर मात्र क्वचितच सांगितले जातात. त्यांनी आयेशांसोबत धावण्याची शर्यत लावली होती, आधी त्या जिंकल्या आणि पुढं कधीतरी ते जिंकले, हेही हदीसमध्येच आहे. मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा आयेशांचं मन भरेपर्यंत ते त्यांच्यासाठी उभे राहिले, हेही आहे. सोबतीनं बाहेर पडणं, खाणं, खेळ पाहणं हे सारं आपल्या परंपरेत आहे. ते विसरून आपण जी राखतो ती मोहल्ल्याची इज्जत.

या इज्जतीचा हिशोबही एकतर्फी आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईत बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण दाखवावं लागतं, असा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. हातात भाजी, कडेवर मूल, खांद्यावर ऑफिसची पर्स असेल तर कुणी विचारत नाही. पुरुष मात्र कट्ट्यावर तासन् तास बसतो. आपल्या मोहल्ल्यात हे अधिकच खरं. नाक्यावर रात्री दोनला बसलेल्या पोरांना कुणी हटकत नाही, पण साडेनऊला नवऱ्यासोबत कुल्फी खाणाऱ्या बाईची बातमी तिच्या आधी घरी पोचते.

मोहल्ल्याबाहेर गेलं तरी सुटका नाही. ऑगस्ट २०१५मध्ये मालवणी पोलिसांनी मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून सज्ञान जोडप्यांवर कारवाई केली, तेव्हा देशभर टीका झाली होती. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवायला समितीच नेमली. हिजाब घातलेली मुलगी कुणासोबत बसलीय हे तपासणारी टोळकी आता दोन्हीकडे आहेत. मोबाइल काढायचा, नाव विचारायचं, व्हिडिओ फिरवायचा. आपल्या समाजातली पोरं हे करतात तेव्हा त्यांना ‘गैरतमंद’ म्हणून टाळ्या मिळतात. ती टाळी वाजवणाऱ्यानं लक्षात ठेवावं, सवय लागलेली टोळी उद्या तुमच्या मुलीला आणि जावयालाही निकाहनामा मागेल.

टीका खूप झाली, आता संध्याकाळ कशी आखायची ते बोलू.

पहिलं, वार. शुक्रवार आणि रविवार टाळा, गर्दी फार. मंगळवार-बुधवार बरा. रमजानची शेवटची दहा रोजे तर सोडाच. तिथं हात धरून चालायचं म्हणजे हरवू नये म्हणूनच. दुसरं, मुलं. ती आजीकडे ठेवायची आणि हे सासूला आधी सांगायचं, तेही मुलानं सांगायचं, सुनेनं नाही. तिसरं, वेळ. मगरिब पढून निघा, अकराच्या आत परत या.

सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून चालत निघा. २००२मध्ये जे. जे. उड्डाणपूल झाल्यापासून निम्मी मुंबई या भागाच्या डोक्यावरून निघून जाते. तुम्ही मात्र पुलाखालून जा, दुकानं पाहत. अत्तराच्या दुकानात थांबा. मनगटावर दोन-तीन अत्तरं लावून पाहायला पैसे पडत नाहीत आणि कोणतं कुणाला आवडलं यावर अर्धा तास गप्पा होतात. जेवायला नागपाड्यात सीख कबाब किंवा भेंडीबाजारात नळी निहारी, दोघांच्या आवडीप्रमाणं. मग बोहरी मोहल्ल्यात जाऊन सांच्यात हातानं फिरवलेलं आइस्क्रीम. ताजमहालाची स्वप्नं दाखवण्यापेक्षा सीताफळाचं आइस्क्रीम बरं. दोन माणसांचा हा सगळा खर्च मॉलमधल्या सिनेमा आणि पॉपकॉर्नपेक्षा कमीच होतो.

या आराखड्यात तीन ठिकाणी अडखळायला होतं, आणि तिन्ही आपल्याला दुरुस्त करता येतात.

एक, ‘फॅमिली रूम’. बऱ्याच हॉटेलांत ही खोली वर, अरुंद जिन्यावर, बिनाखिडकीची असते. एकेकाळी बायकांना निदान आत येता यावं म्हणून ती केली गेली, ते चांगलंच झालं. पण आता दर्शनी भागातली चार टेबलं कुटुंबांसाठी ठेवायला मालकाला काय हरकत आहे? ज्या बाईला पडद्यात बसायचंय तिनं वर बसावं, जिला रस्ता पाहत खायचंय तिनं खाली. निवड तिची. धंद्याच्या हिशेबानंही एकट्या गिऱ्हाइकापेक्षा जोडपं जास्त मागवतं.

दोन, स्वच्छतागृह. बाई घराबाहेर किती वेळ राहू शकते हे बऱ्याचदा इथंच ठरतं. बायका निघण्याआधी पाणी पीत नाहीत, हे किती नवऱ्यांना माहीत आहे? ‘राइट टू पी’ ही मोहीम मुंबईत २०११मध्ये याच प्रश्नावर उभी राहिली. आपले नगरसेवक कमानी आणि स्वागताचे फलक लावण्यात पटाईत आहेत. पुढच्या वेळी ते मतं मागायला आले की त्यांना एकच विचारा, रात्री अकरापर्यंत उघडं, दिवा आणि पाणी असलेलं बायकांचं स्वच्छतागृह तुमच्या वॉर्डात कुठं आहे?

तीन, नजर. हे काम महापालिकेचं नाही. नाक्यावर बसणाऱ्या पोरांना त्यांच्याच घरातल्या वडिलांनी, मामांनी, मशिदीच्या ट्रस्टींनी सांगायचं आहे. रस्त्याचा हक्क काय, तर त्यात नजर खाली ठेवणं आधी येतं, हे शिकवणही हदीसमध्ये आहे आणि ती रस्त्यावर बसणाऱ्यांसाठीच आहे. आपण ती सोयीनं फक्त बायकांच्या कपड्यांपर्यंत आणून ठेवली.

काही वाचक म्हणतील, शिक्षण, रोजगार, दंगलीची भीती एवढे प्रश्न समोर असताना हे काय घेऊन बसलात. ते प्रश्न मोठेच आहेत. पण ज्या घरात ते रोज झेलले जातात, ते घर दोन माणसांवर उभं असतं. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला महिन्यातले तीन तास मिळाले तर मोठ्या प्रश्नांचं काही बिघडत नाही. शिवाय ज्या गल्लीत बाई रात्री दहाला निवांत आइस्क्रीम खाऊ शकते, त्या गल्लीत तिची मुलगी रात्रीच्या अभ्यासिकेतून एकटी घरी येऊ शकते. रस्ता एकच आहे.

म्हणून भावांनो, पुढच्या वेळी दोस्त निहारीला बोलावतील तेव्हा निघण्याआधी घरात वळून बघा. आणि फोनवर त्यांना तो जुना प्रश्न विचारा. ते नाही म्हणाले तर त्या रात्री दोस्तांसोबत जाऊ नका, दोघंच जा.