टाइमटेबल हुकलं!

आठवतंय ना? २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन... मुंबईची लोकल बंद, डबेवालेही घरी. सुरुवातीला सॉलिड मजा! डालगोना कॉफी, बनाना ब्रेड, घरच्या घरी पाणीपुरी. पण लोकलचं टाइमटेबल गेलं, तसं पोटाचंही गेलं. नाश्ता अकराला, जेवण चारला, मीटिंगमध्ये कॅमेरा ऑफ करून फरसाण! स्टेशनचे जिने, प्लॅटफॉर्मवरची धावपळ हा फुकटचा व्यायामही बंद. पुढे ५ ऑक्टोबर २०२० ला रेस्टॉरंट्स उघडली, यथावकाश लोकलही सगळ्यांसाठी धावू लागली. वर्क फ्रॉम होम मात्र अनेकांचं आठवड्यातून एक-दोन दिवस आहेच, आणि त्या दिवशी फरसाणाचा डबाही हाताशीच! तेव्हा बॉस, घरी असलात तरी सकाळीच जेवणाचा डबा भरा, ठरल्या वेळी उघडा. आणि लॅपटॉप? तेवढा वेळ बंद!