ईदच्या बोकडाचे पोट

बकरी ईदला महिना उरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतले प्रश्न बदलतात. मसाल्यांऐवजी बोकडाचे प्रश्न येऊ लागतात. बोकड दहा दिवस आधी आणावा की दोन दिवस? बाल्कनीत बांधला तर चालेल का? वजन वाढावे म्हणून काय खाऊ घालावे? या शेवटच्या प्रश्नाने आम्हाला दरवर्षी धास्ती वाटते. कारण बोकड घरी आणल्यावर तो दगावण्याचे सर्वात मोठे कारण उपासमार नसते, लाड असतो.

आमच्या मोहल्ल्यात एका घरी चांगला चाळीस किलोचा बोकड आणला होता. घरात त्याच दिवशी दावत होती. मुलांनी प्रेमाने उरलेला भात, चपात्या आणि वर दोन ओंजळी गहू खाऊ घातले. बोकडाने सगळे चाटून पुसून खाल्ले, सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मान टाकून बसला, दात करकरा खाऊ लागला, आंबूस वासाची पातळ विष्ठा झाली. घरच्यांना वाटले उन्हाने झाले असेल. रात्री तो गेला. ईदला पाच दिवस होते. पैसे गेले ते गेलेच, पण घरातली लहान मुलगी दोन दिवस जेवली नाही.

असे का होते हे समजायला फार शिक्षण लागत नाही. ज्या भगिनींनी स्वयंपाकघरात वजडी साफ केली आहे त्यांना हे शास्त्र अर्धे आधीच ठाऊक आहे. वजडीचा तो टॉवेलसारखा खरखरीत मोठा भाग म्हणजे पहिले पोट. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असलेला छोटा भाग दुसरे. पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक पडदे असतात ते तिसरे. आणि गुळगुळीत, बुळबुळीत असते ते चौथे. तेच आपल्या पोटासारखे खरे पोट. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, सगळ्यांची रचना हीच. सूरह अल्-अन्आममध्ये मेंढ्या, शेळ्या, उंट आणि गाई यांच्या जोड्यांचा एकत्र उल्लेख येतो. हे चारही रवंथ करणारे प्राणी आहेत, फक्त उंटाच्या पोटाचे कप्पे तीन मानतात.

पहिले पोट म्हणजे एक मोठी आंबवण्याची हंडी. गाईची ही हंडी शंभर लिटरहून मोठी असते. तिच्यात कोट्यवधी जिवाणू आणि इतर सूक्ष्म जीव राहतात. गवत, कडबा, पाला यांतला कठीण तंतू आपल्याला पचत नाही, शेळीलाही स्वतःहून पचत नाही. तो हे सूक्ष्म जीव फोडतात. त्यातून जी सौम्य आम्ले तयार होतात त्यांवर जनावर जगते. पुढे हेच जीव वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे स्वतः पचतात, म्हणजे जनावराला प्रथिनेही त्यांच्याकडूनच मिळतात. वाळलेल्या कडब्यातून दूध आणि मांस होते ते असे. जनावर खाल्लेले परत तोंडात आणून रवंथ करते तेव्हा लाळ सुटते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. गाय दिवसाला शंभर लिटरपेक्षा जास्त लाळ गिळते. या लाळेमुळे हंडीतला आंबटपणा ताब्यात राहतो. आंबवताना वायू होतो, तो ढेकर देऊन बाहेर जातो.

आता याच हंडीत अचानक भात, चपाती, गहू, मका पडला तर? पिठूळ पदार्थ फोडणारे जिवाणू काही तासांत भरमसाट वाढतात आणि दह्यात असते ते लॅक्टिक आम्ल ढिगाने तयार करतात. गवत पचवणारे बिचारे जीव त्या आंबटपणात मरतात. पोटाची हालचाल थांबते. आम्ल रक्तातले पाणी पोटात ओढून घेते, म्हणून बाहेर जुलाब आणि आत शरीर कोरडे. मग आम्ल रक्तात उतरते. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. त्यात भर म्हणजे आतड्यात आधीपासून असलेला आंत्रविषाराचा जिवाणू याच पिठूळ खाण्यावर फोफावतो आणि विष सोडतो. त्यात तर जनावर काही तासांतच जाते, आणि धष्टपुष्ट जनावरच आधी जाते. या रोगाची लस असते. शेळीपालक ती पावसाळ्याआधी टोचून घेतात. बोकड घेताना आंत्रविषार आणि पीपीआर या दोन लसी झाल्या आहेत का, हे रंग आणि शिंगांच्या आधी विचारावे असे आमचे मत आहे.

मग खायला द्यायचे काय? विकणाऱ्यालाच विचारावे की हा आजवर काय खात होता, आणि पहिले तीन-चार दिवस तेच द्यावे. शक्य असल्यास त्याच्याकडूनच थोडा चारा विकत घ्यावा. तीस किलोच्या बोकडाला दिवसाला साधारण दोन-तीन किलो हिरवा पाला किंवा लसूणघास, अर्धा किलोच्या आत-बाहेर वाळलेला चारा, म्हणजे तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा, आणि वर फार तर दोन-अडीचशे ग्रॅम भरडा पुरतो. भरड्याची सवय नसेल तर मूठभरापासून सुरुवात करावी आणि आठ-दहा दिवसांत वाढवावा. ज्याच्या हाती पाचच दिवस आहेत त्याने भरड्याचा नाद सोडावा. पाच दिवसांत मांस वाढत नाही, फक्त पोट भरलेले दिसते. शेळी मेंढीसारखी खाली मान घालून चरणारी नव्हे, ती शेंडे खुडणारी आहे. म्हणून बाभूळ, शेवरी, बोर यांच्या फांद्या उंच टांगून द्याव्यात. जमिनीवर तुडवलेला चारा ती तोंडात घेत नाही आणि आपण म्हणतो नखरे करते. स्वच्छ पाणी सतत समोर असावे.

2025 साली बकरी ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे पुढची काही वर्षे ऐन उन्हाळ्याची आहेत. गच्चीवर पत्र्याखाली जनावर बांधू नये. आणि अंगाला हात लावून ताप आहे असे ठरवू नये: शेळीचे अंग निरोगीपणीही 102 ते 103 अंश फॅरनहाईट असते, आपल्याला ते गरमच लागते.

तब्येत पाहायची खूण दुसरी आहे. बोकडाच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खळगा असतो, तिथे मूठ टेकवून धरावी. मिनिटाला एक-दोन वेळा आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली जाते. ही लाट येते आहे आणि जनावर निवांत बसून रवंथ करते आहे तोवर काळजी नाही. लाट थांबली, खळगा फुगून ढोलासारखा वाजू लागला, रवंथ बंद झाली, तर तो जनावरांच्या डॉक्टरला बोलावण्याचा क्षण. बाटलीने तेल किंवा सोडा घशात ओतण्याचे धाडस सवय नसलेल्याने करू नये, ते श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगावे की काल काय खाऊ घातले. लाजून लपवले तर औषध चुकते.

मेंढा आणणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. गाई-म्हशींसाठी मिळणारे खनिज मिश्रण किंवा पशुखाद्य मेंढ्याला देऊ नये. त्यात तांबे असते. गाय ते सहज सोसते, मेंढीच्या यकृतात मात्र ते साठत जाते आणि एक दिवस अचानक विष बनते. शेळी दोघींच्या मध्ये कुठेतरी.

आता वयाचे. बाजारात जनावर विकत घेणारे पुष्कळ लोक ओठ उचलून वर बघतात आणि घाबरतात, की वरचे पुढचे दात पडलेले! ते नसतातच. शेळी, मेंढी, गाय या तिघींना पुढचे आठ दात फक्त खालच्या जबड्यात असतात, वर कडक हिरडी असते. करडाचे आठही दुधाचे दात बारीक असतात. साधारण बारा ते पंधरा महिन्यांत मधले दोन पडून त्या जागी रुंद, पक्के दात येतात. हा झाला दोन दाती. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान चार दाती होतो. हनफी घरांत बोकडाला एक वर्ष पुरे असते. कोकणातील आमची बरीचशी घरे शाफई आहेत, आणि त्या मसलकात बोकड पूर्ण दोन वर्षांचा हवा. म्हणून त्यांना दोन दात पुरत नाहीत, आणि चार दातांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण काहींना ते लवकर येतात. पाळणाऱ्याकडून जन्माचा महिना विचारून घ्यावा. बाकीच्या अटींचे आपल्या मौलानांना विचारावे, ते आमचे क्षेत्र नव्हे.

लातूरकडच्या एका भगिनीने लिहिले आहे की ईदसाठी पाहायला गेलो आणि त्यांनी गाभण उस्मानाबादी शेळीच पाळायला घेतली. फार छान केले. ही जात बहुतेक काळी, काटक, आणि जुळी देण्यात पटाईत. शेळी साधारण दीडशे दिवसांत विते. त्यांचा प्रश्न असा, की पहिला चीक काढून खरवस करू का? थोडे थांबावे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढण्याची शक्ती मिळते, करडाला आणि वासराला ती मिळत नाही. ती सगळी चिकात असते आणि पहिल्या काही तासांतच आतडे ती शोषू शकते. विल्यावर तासाभरात करडू उभे करून आचळाला लावावे. तीन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव ते तीनशे ग्रॅम चीक थोडा थोडा करून जायला हवा. जुळी असतील तर दुबळ्याला आधी लावावे, कारण दांडगे दोघांचे पिऊन टाकते. दोन्ही पिल्ले पोटभर पिऊन झोपली आणि तरी कास भरलेली राहिली, तर खरवस जरूर करावा, वेलची घालून.