अडकलेले पत्र

“ई-मेल येतात, पण जात नाहीत,” ही तक्रार हल्ली सौंसर आणि पांढुर्णा येथील पेढ्यांवर वारंवार कानी पडते. दुकानातील संगणकावर आउटलुक अथवा थंडरबर्ड यांसारखे टपालाचे सॉफ्टवेअर असते. बँकेची, गिरणीची, विमा कंपनीची पत्रे त्यात सुखरूप येऊन पडतात. परंतु आपण लिहिलेले पत्र मात्र जागचे हलत नाही. मग ‘नागपूरहून मुलगा आला की पाहील’ असे म्हणून विषय संपविला जातो, आणि तोवर मोबाइलवरून एखादा संदेश टाकून वेळ मारून नेली जाते. या दुर्लक्षाविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमच्या मते हा प्रश्न यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा नसून गादीवर बसणाऱ्याचा आहे.

आपल्या जुन्या पेढ्यांत आवक-जावक नोंदवही असे. पत्र लिहून झाले, पाकिटात गेले, नोंदवहीत चढले, तरी गडी टपालघरातून परत येऊन रजिस्टरची पावती हाती देईपर्यंत चोख मुनीम निश्चिंत होत नसे. ‘पत्र लिहिले’ आणि ‘पत्र गेले’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. तारेचेही तसेच, जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली, तोपर्यंत तारेची पावती जपून ठेवणारी मंडळी आपल्यात होती. संगणकाने हा भेद पुसट केला. ‘सेंड’ची कळ दाबली की पत्र डोळ्यांसमोरून नाहीसे होते आणि मालकाची समजूत होते की ते गेले. वस्तुतः ते केवळ ‘आउटबॉक्स’ नावाच्या खणात पडलेले असते, आणि तो खण आपल्याच टेबलावर आहे. टपालसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने ते स्वीकारले म्हणजे मगच ते ‘सेंट’ या खणात दिसू लागते.

हा भेद शब्दच्छल नव्हे. कायदाही तो मानतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या चौथ्या कलमात असे तत्त्व आहे की, स्वीकृती देणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल अशा रीतीने ती रवाना झाली म्हणजे प्रस्ताव करणारा बांधला जातो. पत्र पेटीत पडले की ते आपल्या हाताबाहेर गेले. दूरध्वनी आल्यावर याच प्रश्नाने निराळे रूप घेतले, आणि त्याचा निकाल लागला तो आपल्या शेजारच्या वऱ्हाडातील एका व्यवहारावरून. १९५९ च्या जुलै महिन्यात अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी व ऑइल मिलशी ट्रंक टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादकरांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला, तो अहमदाबादेतच. सौदा पक्का झाला कोठे? होकार जेथे उच्चारला गेला त्या खामगावी, की जेथे ऐकू आला त्या अहमदाबादेस? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली बहुमताने ठरले की, होकार जेथे ऐकू गेला तेथे सौदा झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले व खामगावचा पक्ष उचलून धरला. आमचा तालुका एके काळी त्याच नागपूर न्यायालयाच्या छत्राखाली होता, म्हणून की काय, त्या भिन्नमताकडे आमचे मन थोडे झुकते. परंतु कायदा बहुमताचा, हे मान्य केलेच पाहिजे.

ई-मेलच्या बाबतीत संसदेने अशा वादाला फारशी जागा ठेवली नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तेरावे कलम सांगते की, उभयतांत निराळे काही ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक पत्र पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकव्यवस्थेत शिरते त्या क्षणी ते रवाना झाले असे समजावे. स्थळ धरावयाचे ते त्याच्या व्यवसायाचे. म्हणजे सौंसरचा व्यापारी इंदूरच्या धर्मशाळेत बसून पत्र पाठवील, तरी ते सौंसरहून निघाले असेच मानले जाईल. तेव्हा आउटबॉक्समध्ये पडून राहिलेले पत्र व्यवहाराच्या दृष्टीने जसे गेलेले नाही, तसेच कायद्याच्या दृष्टीनेही गेलेले नाही. दुसरीकडे, गेलेल्या पत्राची ताकद किती, तेही पाहावे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांता ॲल्युमिनियम यांच्यातील बॉक्साइटच्या व्यवहारात रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरी ई-मेलवरील प्रस्ताव व होकार एवढ्यावरून करार झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरविले.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. न गेलेले पत्र नुकसान करते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण अडकलेले पत्र त्याहून घातक, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. समजा, सोमवारी एखाद्या सभासदाने कापसाच्या गाठींचा भाव एका गिरणीस लिहिला आणि पत्र अडकले. त्याने दूरध्वनीवरून बोलणे केले, सौदा फिसकटला, आणि तो ते पत्र विसरून गेला. शुक्रवारी कोणी येऊन संगणक दुरुस्त करतो, आणि तत्क्षणी सोमवारचे पत्र सोमवारच्या भावासह गिरणीकडे रवाना होते. बाजार दरम्यान चढलेला आहे. गिरणीने त्यावर तत्काळ होकार दिला, तर? रवानगीची वेळ शुक्रवारची, प्रस्ताव पेढीचा, शब्द पेढीचा. पत्रातच भावाची मुदत घातली असेल तर निभावते; पण आपल्यापैकी किती जण ती घालतात? तसेच, खरेदीचा हुकूम अडकला म्हणून मालकाने तो मोबाइलवरून पुन्हा पाठवावा आणि दोन दिवसांनी पहिलाही जावा, म्हणजे एकाऐवजी दोन ट्रक माल दारात. संत्र्यासारखा नाशवंत माल असेल तर त्या दुसऱ्या ट्रकचे काय करावे, हे वाचकांनीच सांगावे.

म्हणून पत्र का अडकते, याची ढोबळ समज प्रत्येक पेढीवर निदान एका माणसास असावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. हे ज्ञान वाटते तितके दुर्घट नाही. मूळ गोष्ट एवढीच की, टपाल येण्याचा रस्ता आणि जाण्याचा रस्ता हे दोन निराळे आहेत. आवक एका सर्व्हरवरून येते; जावक दुसऱ्या सर्व्हरकडे, एस.एम.टी.पी. या नावाच्या नियमांनी जाते. हे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले, तेव्हा जावक नेणारा सर्व्हर पाठविणाऱ्याची ओळख विचारीत नसे. पुढे जाहिरातबाजांनी व ठकांनी त्याचा गैरफायदा घेतला आणि दारावर पहारा बसला. आज आवक सुरळीत व जावक बंद असे दिसले की, बहुधा या पहाऱ्याशी काहीतरी बिनसलेले असते. आउटलुकमध्ये जावक सर्व्हरलाही ओळख द्यावी अशी एक खूण करावयाची असते, ती राहून गेलेली असते. किंवा दरवाजाचा क्रमांक जुना असतो. या क्रमांकास पोर्ट म्हणतात. पूर्वीचे २५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांनी ग्राहकांसाठी बंद केले आहे. पत्र दाखल करण्यासाठी ५८७ क्रमांक १९९८ सालीच नेमला गेला. ४६५ हाही चालतो. जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे २५ लिहिलेले राहते, आणि पेढीने इंटरनेटची कंपनी बदलली की एके सकाळी जावक थांबते.

आवक व जावक दोन्ही एकदम थांबली असतील तर दोष निराळीकडे शोधावा. प्रथम ‘वर्क ऑफलाइन’ ही कळ चुकून दाबली गेली नाही ना, हे पाहावे. हसू येईल, पण ही कळ भल्याभल्यांना फसविते. त्यानंतर पासवर्ड. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांचा नेहमीचा पासवर्ड अशा सॉफ्टवेअरमध्ये स्वीकारणे बंद केले. आता एक तर सॉफ्टवेअरने गुगलच्या स्वतःच्या पानावरून परवानगी घ्यावी लागते, किंवा दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ करून घ्यावा लागतो. यातही एक मेख आहे. खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. चिरंजीव रात्री घरी मोबाइलवर पासवर्ड बदलतात आणि सकाळी दुकानातील मुनीम डोके धरून बसतो, यातील कार्यकारण बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही हॉटमेल व आउटलुकच्या वैयक्तिक पत्त्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून निव्वळ पासवर्डावर चालणारी जुनी रीत थांबविली. त्यामुळे फार जुन्या आउटलुकच्या आवृत्त्या त्या पत्त्यांसाठी निरुपयोगी झाल्या आहेत.

आणखी एक कारण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते कोणाच्याही कल्पनेत नसते. जुन्या संगणकात आतील घड्याळ चालू ठेवण्यासाठी रुपयाएवढा एक गोल सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सर्व्हरचे ओळखपत्र मग संगणकाला अवैध वाटते, कारण त्याच्या हिशेबी ते अजून निघालेलेच नसते. आणि तो टपाल देण्याचे नाकारतो. सेलची किंमत ती काय! परंतु त्यापायी नवा संगणक घ्यावयास निघालेली माणसे असतात.

बोजड टपालाचाही विचार करावा. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइटची आहे, आणि पाठविताना कागद सुमारे एकतृतीयांशाने फुगतो. बिलांची रंगीत छायाचित्रे गठ्ठ्याने जोडली की ते पत्र दारात अडते आणि पुष्कळदा मागच्या पत्रांचीही वाट अडविते. दिवाळीच्या शुभेच्छांचे असेच: साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० ची मर्यादा ओलांडली की पुढचा काही काळ जावक बंद होते, आणि नेमके त्याच दिवशी बँकेला पत्र पाठवायचे असते.

पत्र नाकारले गेले की पडद्यावर एक तीन आकडी क्रमांक येतो. आपण तो न वाचताच खिडकी मिटवितो, ही आमच्या मते सर्वांत वाईट सवय होय. तो क्रमांक म्हणजे सर्व्हरने दिलेले उत्तर आहे. ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती. काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ५ ने सुरू झाला तर कितीही वेळा ‘सेंड’ दाबले तरी उपयोग नाही; काहीतरी सुधारले पाहिजे. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड मान्य नाही, ५५२ म्हणजे बहुधा पत्र फार मोठे अथवा पेटी भरलेली, ५५० म्हणजे समोरच्या पत्त्याने किंवा त्याच्या सर्व्हरने नाकारले. एवढे तीन क्रमांक टेलिफोनवरून नागपूरच्या मुलाला सांगितले, तरी त्याची फेरी व आपले पैसे वाचतात.

“ही कटकट हवी कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे ना!” असे काही तरुण सभासद म्हणतील. व्हॉट्सअ‍ॅपला आम्ही नावे ठेवीत नाही. योग्य प्रमाणपत्र जोडले तर असा संदेशही न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होऊ शकतो, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्याची रीत दिली आहे. पण मोबाइल असतो माणसाचा, पेढीचा नव्हे. विक्री पाहणारा नोकर दुसरीकडे गेला, की वर्षाचा पत्रव्यवहार त्याच्या खिशातून गेला. पेढीच्या पत्त्यावरील पत्रे पेढीजवळ राहतात, भागीदार बदलले तरी राहतात. आम्हांस हा फरक मोठा वाटतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. दुकान वाढविताना गल्ला मोजला जातो, त्याच वेळी मुनीमाने आउटबॉक्स उघडून पाहावा. त्यात पत्र राहिले असेल आणि तातडीचे असेल, तर ब्राउझरमधून खात्यात शिरून ते तेथून पाठवावे. तेथून गेले तर दोष खात्यात नसून दुकानातील सॉफ्टवेअरमध्ये आहे, हेही त्याच वेळी कळते. मात्र तसे पाठविल्यावर आउटबॉक्समधील मूळ प्रत काढून टाकण्यास विसरू नये. आणि दुरुस्तीला कोणी बसणार असेल, तर त्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी आउटबॉक्स मालकाने स्वतः तपासावा, शिळ्या भावाची पत्रे खोडावीत, मगच जावक सुरू करू द्यावी.

आंबिया बहाराची तोड आणि कापसाची आवक सुरू होण्यापूर्वी मंडळाने एक दुपार यासाठी काढावी, आणि प्रत्येक पेढीने जावक सर्व्हरचे नाव, पोर्टचा क्रमांक व खाते कोणाच्या मोबाइलशी जोडले आहे, एवढे एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवावे. पासवर्ड संगणकाच्या पडद्याला चिकटवून ठेवू नये. त्याच बैठकीत पत्राखालचा छापील पत्ताही पाहून घ्यावा. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. तरी सौंसरच्या कित्येक पेढ्यांच्या ई-मेलखाली अजून ‘जिल्हा छिंदवाडा’ असेच जात आहे.