वाढीव शक्तीचा कन्सोल : अपेक्षा आणि किंमत

मधल्या सुट्टींत व्हरांड्यांतून जातांना जे शब्द आजकाल वारंवार कानीं पडतात, त्यांत 'टेराफ्लॉप' हा एक आहे. उत्तराखालीं चौरस मीटर लिहिण्याचें ज्या मुलांच्या ध्यानीं रहात नाहीं, तीं मुलें या टेराफ्लॉपचे आंकडे मात्र दशांशचिन्हासह बिनचूक सांगतात. व्हिडिओ गेमचा एखादा नवा, सुधारलेला कन्सोल येणार अशी नुसती कुणकुण लागावी, कीं त्याच्या पोटांत काय असेल व त्याची किंमत काय पडेल याविषयीं तर्कांस ऊत येतो. या उत्साहांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु ज्या पालकांस शेवटीं पैसे मोजावयाचे असतात, त्यांच्यापर्यंत यांतील फारच थोडें पोंचतें, आणि जें पोंचतें तें बहुधा भलत्याच ठिकाणीं जोर देऊन सांगितलेलें असतें. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जाहीर झालेले आंकडे, मग ते शक्तीचे असोत वा किंमतीचे, जसे दिसतात तसे नसतात. आणि त्यांच्या भरंवशावर घरांतील निर्णय करूं नये.

प्रथम शक्तीचें पाहूं. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल २०१३ सालच्या नोव्हेंबरांत निघाला. त्यांतील चित्र रेखाटणाऱ्या भागाची शक्ति १.८४ टेराफ्लॉप होती. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदास एक लाख कोटि आंकडेमोडी. पुढें तीन वर्षांनीं, १० नोव्हेंबर २०१६ रोजीं, त्याचीच सुधारलेली आवृत्ति प्लेस्टेशन ४ प्रो या नांवानें आली व तिची शक्ति ४.२ टेराफ्लॉप सांगण्यांत आली. सव्वादोन पटींहून अधिक शक्ति! हें ऐकून कोणासही वाटेल कीं चित्रही सव्वादोन पट उजळून निघेल. पण हा कन्सोल ज्या ४के पडद्यांसाठीं काढला होता, त्यांचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. जुन्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. नव्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. काम बरोबर चौपट झालें आणि हात सव्वादोन पटच वाढले. उरलेलें काम कोण करणार? तेव्हां अभियंत्यांनीं असा तोडगा काढला कीं, बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणें एकाआड एक ठिपके काढावयाचे व मधले ठिपके मागील चित्रावरून भरून घ्यावयाचे. ही युक्ति मोठी चतुर होती यांत संशय नाहीं. परंतु ती युक्ति होती.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तर २०१६ च्या जून महिन्यांत आपल्या आगामी यंत्राची शक्ति ६ टेराफ्लॉप असल्याचें जाहीर केलें आणि किंमत मात्र पुरें एक वर्ष गुलदस्तांत ठेविली. त्या वर्षांत तर्कांचें कसें पीक आलें असेल याची कल्पना वाचकांस सहज करतां येईल. पुढें जून २०१७ मध्यें तोच कन्सोल एक्सबॉक्स वन एक्स या नांवानें पुढें आला व किंमत ४९९ डॉलर असल्याचें कळलें. प्लेस्टेशन ४ प्रोहून ती १०० डॉलरांनीं अधिक होती. मूळ एक्सबॉक्स वनची शक्ति १.३१ टेराफ्लॉप असल्यामुळें येथें वाढ साडेचार पटींहून अधिक होती, आणि म्हणून चौपट ठिपक्यांचा हिशेब पुष्कळसा जमला. मात्र ज्याच्या घरीं ४के पडदा नव्हता, त्याच्या वांट्यास त्यांतील बरीच थोडी शक्ति आली.

या सर्व वाढीव यंत्रांत एक गोष्ट समान असते व ती जाहिरातींत ठळक अक्षरांत कधींच नसते. चित्र काढणारा भाग वाढवितात, पण खेळाचा विचार करणारा जो मुख्य प्रोसेसर, तो बहुतेक जुनाच ठेवितात. त्याची गति तेवढी थोडीशी चढवितात. प्लेस्टेशन ४ प्रोमध्यें असें झालें, एक्सबॉक्स वन एक्समध्यें झालें, आणि २०२४ सालच्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येंही झालें. या शेवटच्या यंत्रांत प्रोसेसरची गति ३.५ वरून ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे अवघी दहा टक्के चढते. याचें कारण उघड आहे. जुना कन्सोल घेतलेलीं कोट्यवधि माणसें आहेत. प्रत्येक नवा खेळ त्यांच्याही यंत्रावर चालला पाहिजे. तेव्हां ज्या खेळांत शेंकडों माणसांची गर्दी आपापल्या मार्गानें हिंडते, किंवा मोठें नगर एकाच वेळीं हलतें डोलतें ठेवावें लागतें, त्या खेळांस नव्या यंत्राचा लाभ अपेक्षेपेक्षां पुष्कळ कमी होतो.

प्लेस्टेशन ५ प्रोची माहिती मार्क सर्नी या त्याच्या मुख्य रचनाकारानें १० सप्टेंबर २०२४ रोजीं दिली. तींतील तीन आंकडे मनन करण्याजोगे आहेत. चित्र काढणारे घटक ६७ टक्क्यांनीं अधिक, स्मृतीचा वेग २८ टक्क्यांनीं अधिक, आणि प्रत्यक्ष चित्र तयार होण्याचा वेग फार तर ४५ टक्क्यांनीं अधिक. विहिरीवर मोटा कितीही वाढवा. पाट त्या मानानें रुंद केला नाहीं तर शेतांत पाणी त्या मानानें पोंचत नाहीं. ज्यांनीं ६७ हा आंकडा पाठ केला त्यांनीं ४५ हाही करावयास हवा होता.

तथापि या यंत्राची निंदा करणें हा आमचा हेतु नव्हे. वहीच्या कोपऱ्यांत एकेका पानावर किंचित् वेगळें चित्र काढून पानें भरभर सोडण्याचा खेळ प्रत्येक मुलानें केलेला असतो. पडद्यावरचें चलन तसेंच चालतें. प्लेस्टेशन ५ वरील अनेक खेळांत दोन पर्याय असतात : चित्र अधिक रेखीव हवें तर सेकंदास ३० पानें, आणि चलन अधिक सफाईदार हवें तर ६० पानें, पण चित्र थोडें मोघम. सर्नी यांच्या सांगण्याप्रमाणें चारांपैकीं सुमारें तीन वेळां खेळणारे सफाईदार चलनच पसंत करतात. प्रो काढण्याचा उद्देश हा कीं, निवड करण्याची ही पाळीच येऊं नये. त्यासाठीं यंत्र चित्र लहान काढतें व शिकविलेल्या गणितपद्धतीनें त्यांतील बारकावे भरून तें मोठें करतें. हें काम खरोखर कौतुकास्पद आहे. आमचें मत इतकेंच कीं, खोलीच्या दुसऱ्या टोंकाशीं बसून मध्यम आकाराच्या पडद्याकडे पाहणाऱ्यास हा भेद बहुधा कोणी बोट दाखविल्यावांचून उमगणार नाहीं.

आतां किंमत. अमेरिकेंत प्रोची किंमत आरंभीं ६९९.९९ डॉलर ठेविली होती; सातशेंस एक सेंट कमी. एक सेंट कमी ठेवून गिऱ्हाइकास सहाशेंच्या घरांत असल्याचा भास करून देण्याची ही दुकानदारी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्या किंमतींत डिस्क, म्हणजे खेळाची तबकडी, घालण्याचा खणच नव्हता. तो हवा तर ७९.९९ डॉलर निराळे. यंत्र उभें ठेवावयाचें तर त्याची बैठक २९.९९ डॉलर. बेरीज करा : ८०९.९७ डॉलर, आणि त्यावर कर. ज्या घरीं तबकड्यांचा संग्रह आहे, किंवा मित्रांकडून तबकडी उसनी आणून खेळण्याची ज्या मुलांची संवय आहे, त्यांच्या दृष्टीनें तो खण म्हणजे चैनीचा भाग नव्हे. शिवाय इतरांबरोबर दुरून खेळावयाचें तर वार्षिक वर्गणी आलीच. सप्टेंबर २०२३ पासून अमेरिकेंत तिचा सर्वांत खालचा दर वर्षास ७९.९९ डॉलर झाला. खेळांची किंमत आणखी वेगळी.

ही किंमत ऐकून पुष्कळांस धक्का बसला, तो जुन्या दाखल्यामुळें. २०१६ सालीं प्रो आवृत्ति निघाली ती ३९९ डॉलरांस, म्हणजे २०१३ सालीं मूळ यंत्र ज्या किंमतीस निघालें होतें त्याच किंमतीस. तोच नियम पुढेंही चालेल अशी समजूत होती. सातशें डॉलरांच्या कन्सोलचा याहून जुना दाखलाही उपलब्ध होता : १९९३ सालीं थ्रीडीओ नांवाचा कन्सोल तेवढ्याच किंमतीस निघाला आणि बाजारांत टिकला नाहीं, पुढें १९९५ च्या मे महिन्यांत एका प्रदर्शनांत सेगा कंपनीनें आपल्या सॅटर्नची किंमत ३९९ डॉलर सांगितली, तेव्हां सोनीचा प्रतिनिधि व्यासपीठावर येऊन '२९९' एवढेंच बोलून खालीं उतरला. अर्थात् न्यायानें बोलावयाचें तर त्या वेळचे सातशें डॉलर २०२४ च्या सातशेंहून पुष्कळ जड होते. तेव्हां जुन्या किंमती व नव्या किंमती नुसत्या शेजारीं मांडून कंपन्यांस दोष देणेंही बरोबर नाहीं.

पण सर्वांत मोठा बदल झाला आहे तो दुसऱ्याच ठिकाणीं, आणि पालकांनीं तो अवश्य ध्यानांत घ्यावा. पूर्वीं शहाण्या माणसाचा सल्ला असे कीं, थांबा, दोन वर्षांनीं स्वस्त होईल. तो खराही ठरे. प्लेस्टेशन २ हें यंत्र अमेरिकेंत २००० सालीं २९९ डॉलरांस होतें, तें २००९ मध्यें ९९ डॉलरांस मिळूं लागलें. प्लेस्टेशन ३ चा मोठा नमुना २००६ सालीं ५९९ डॉलरांचा होता. तीनच वर्षांनीं त्याची नवी बारीक आवृत्ति २९९ डॉलरांस आली. आतां पहा. प्लेस्टेशन ५ अमेरिकेंत २०२० सालीं ४९९.९९ डॉलरांस निघाला व ऑगस्ट २०२५ मध्यें त्याची किंमत ५४९.९९ झाली, त्याच दिवशीं प्रोची ७४९.९९ झाली. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९.९९ वरून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ६४९.९९ वर गेला. आपल्या देशांतही प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्यें ४९,९९० रुपयांस आला, तो नोव्हेंबर २०२२ मध्यें ५४,९९० रुपये झाला. जुनें होत जाणारें यंत्र महाग होत जाण्याचा हा प्रकार या व्यापारांत पूर्वीं क्वचितच दिसला असेल. पूर्वीं तोच तुकडा दर दोन तीन वर्षांनीं आकारानें लहान व खर्चानें कमी करतां येई. आतां लहान करणेंच अतिशय खर्चाचें झालें आहे. त्यांत २०२५ सालीं अमेरिकेनें आयात मालावर जबर जकाती बसविल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड गणकगृहांनीं स्मृतीचे तुकडे उचलावयास आरंभ केल्यामुळें त्यांचे भाव एकदम चढले.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पालकसभेनंतर आम्हांस विचारलें, "सर, गेलीं दोन वर्षें मुलगा म्हणतो, आतां घेऊं नका, नवा येतो आहे. मी पैसे बाजूस ठेवितों, आणि तो पुन्हां तेंच म्हणतो. घेऊं तरी केव्हां?" मुलाचें कांहीं खोटें नव्हतें, नवा नेहमींच येत असतो. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, मुलास आंकडे विचारूं नका. त्यास हवे असलेले असे तीन खेळ सांगावयास सांगा, कीं जे आजच्या यंत्रावर मुळींच नीट चालत नाहींत. तीन नांवें निघालीं तर थांबण्यांत अर्थ आहे. न निघालीं तर आजचा साधा कन्सोल घ्या, किंवा वाढीव आवृत्ति निघतांच हौशी लोक आपला जुना विकावयास काढतात तेव्हां पारखून तो घ्या.

ज्या यंत्रावर काल मुलगा तहानभूक विसरून खेळत होता, तें आज केवळ दुसरीकडे एक मोठा आंकडा छापून आला म्हणून त्यास जुनाट वाटूं लागतें, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. आणि ज्या आंकड्यांसाठीं हें झालें, तें यंत्र निघालें तेव्हां येथें आलेंही नव्हतें. प्लेस्टेशन ५ प्रो निघाला त्या वेळीं भारतांत तो विक्रीस ठेवणार नाहीं असें सोनीनें सांगितलें. कारण वायफायच्या ज्या ६ गिगाहर्ट्झ लहरींचा तो उपयोग करतो, त्यांस येथें तोंवर परवानगी मिळाली नव्हती. टेराफ्लॉप तोंडपाठ करणाऱ्यांपैकीं ही अडचण कोणाच्या तर्कांत होती असें आम्हीं ऐकिलें नाहीं.

आतां पुढील पिढीची चर्चा सुरू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्नी व एएमडी या तुकडे बनविणाऱ्या कंपनीचे अधिकारी यांनीं मिळून चित्र रेखाटण्याच्या कांहीं नव्या पद्धति समजावून दिल्या, व त्या कांहीं वर्षांनीं येणाऱ्या कन्सोलमध्यें आणण्याचा मानस सांगितला. त्या वेळीं त्या पद्धति केवळ गणकावरील प्रतिरूपांत अस्तित्वांत असल्याचेंही सर्नी यांनींच स्पष्ट केलें. किंमत सांगितली नाहीं, तारीख सांगितली नाहीं. तरीही आमच्या नववीच्या वर्गांत कोणी तिची किंमत ५०० डॉलर ठरविली आहे, कोणी १,०००. आम्हांस विचाराल तर, स्मृतीचे भाव असेच चढे राहिले तर ती ७०० च्या खालीं येईल असें वाटत नाहीं. आणि ती जाहीर होईल त्या दिवशीं टेराफ्लॉपचा आंकडा पाहण्यापूर्वीं आम्ही तबकडीचा खण आंत आहे कीं त्याचे निराळे पैसे आहेत, तें पाहूं.